दोष, ह्यूमर आणि मिजास : वैद्यकातील काही शब्दांचा प्रवास

काही वर्षांपूर्वी आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद या दोन्ही शाखांच्या चिकित्सकांचे एक संयुक्त चर्चासत्र भरले होते. त्यात मी आमवातावरील माझ्या रुग्णानुभवाचा एक लहानसा निबंध इंग्रजीतून वाचला. विद्यार्थिदशेत पाठ झालेल्या सवयीनुसार ‘त्रिदोष’ या शब्दासाठी मी ‘थ्री ह्यूमर्स’ असे लिहिले होते. वाचन संपल्यावर श्रोत्यांतील एका ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञांनी अत्यंत सौम्य शब्दांत विचारले, की डोळ्यातील अ‍ॅक्वियस ह्यूमर मी सुईने काढून परीक्षानळीत दाखवू शकतो; आपल्या तिन्ही ह्यूमर्सपैकी असा कोणता दाखवता येईल? सभागृहात थोडा हशा पिकला. मी काहीतरी उत्तर दिले. ते समाधानकारक नव्हते, हे मला व्यासपीठावरून उतरतानाच कळले होते.

त्या प्रश्नात उपहास नव्हता. मी जो शब्द वापरला, त्या शब्दाचा तो न्याय्य प्रश्न होता. दोष मी वापरले होते आयुर्वेदाचे, पण शब्द उसना घेतला होता ग्रीक वैद्यकाचा, आणि त्या शब्दाबरोबर त्याचा सारा पूर्वेतिहास न बोलावता आला होता. या प्रसंगानंतर इंग्रजी वैद्यकीय शब्दांच्या व्युत्पत्तीचा मला जो नाद लागला, त्यातून हाती आलेली काही सामग्री वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

‘ह्यूमर’ हा मुळात लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ओलावा, द्रव असा आहे. हवेतील दमटपणासाठी वापरला जाणारा ‘ह्युमिडिटी’ हा त्याचाच गोतावळा. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात ‘मनुष्याची प्रकृती’ या विषयावरचा एक प्रबंध आहे. तो हिपोक्रॅटिसचा जावई पॉलिबस याचा असावा असे मानले जाते. त्यात रक्त, कफसदृश द्रव, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे शरीरातील चार द्रव सांगितले असून त्यांचे योग्य मिश्रण म्हणजे आरोग्य, असा सिद्धान्त मांडला आहे. इसवी सन १२९ मध्ये पर्गामम येथे जन्मलेल्या गॅलेनने त्याला व्यापक स्वरूप दिले आणि पुढे दीड सहस्र वर्षे युरोपातील वैद्यक या चार द्रवांभोवती फिरत राहिले. १८५८ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखो याचा पेशीविकृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोवर या सिद्धान्ताचे शास्त्रीय आसन बरेचसे डळमळले होते. त्यानंतर ते उरलेच नाही.

परंतु सिद्धान्त गेला तरी त्याचे शब्द राहिले. एखाद्या मनुष्यात एका द्रवाचे आधिक्य झाले की त्याचा स्वभाव एकांगी होतो, ही समजूत रूढ असल्यामुळे इंग्रजीत ‘ह्यूमर’चा अर्थ आधी ‘स्वभाव’, मग ‘लहर’, मग ‘विक्षिप्तपणा’ असा सरकत गेला. १५९८ मध्ये बेन जॉन्सनचे ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्यातील पात्रे आपापल्या लहरींच्या आहारी गेलेली आहेत आणि म्हणूनच हास्यास्पद आहेत. (या नाटकाच्या नटसंचात शेक्सपिअरचे नाव आढळते, हे जाता जाता.) विक्षिप्तपणाला हसता हसता हसण्यालाच ‘ह्यूमर’ म्हणू लागले. आज ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ असे म्हणणाऱ्याच्या मनात रक्त किंवा पित्त मुळीच नसते. मूळ ‘द्रव’ हा अर्थ शिल्लक राहिला आहे तो शारीराच्या ग्रंथांत, डोळ्यातील दोन द्रवांच्या नावांत. त्या विकृतिशास्त्रज्ञांनी नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवले होते.

उरलेल्या शब्दांचीही हीच कथा आहे. लॅटिनमध्ये ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. रक्ताधिक्याचा मनुष्य उत्साही, आशावादी, म्हणून इंग्रजीत ‘सँग्विन’ म्हणजे आशावादी. ग्रीकमध्ये ‘मेलास’ म्हणजे काळे आणि ‘खोले’ म्हणजे पित्त. त्यांच्या संयोगातून ‘मेलँकली’, म्हणजे खिन्नता. रॉबर्ट बर्टन या इंग्रज विद्वानाने १६२१ मध्ये या एका विकारावर जाडजूड ग्रंथ लिहिला, इतका तो विषय त्या काळी जिव्हाळ्याचा होता. ‘खोले’पासूनच ‘कॉलरा’ आला आणि ‘कोलेस्टेरॉल’ही. हा पदार्थ पित्ताश्मरीत सापडत असल्यामुळे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याला ‘घन पित्त’ अशा अर्थाचे नाव दिले. भाषाशास्त्रज्ञ असे सांगतात, की पिवळा-हिरवा रंग दाखविणाऱ्या एकाच आदिम धातूपासून ग्रीक ‘खोले’, इंग्रजी ‘यलो’ आणि संस्कृत ‘हरि’, ‘हरित’ हे शब्द निघाले. हरिद्रा त्याच कुळातली. तेव्हा शब्दांच्या वंशावळीत कोलेस्टेरॉल आणि हळद ही दूरची भावंडे ठरतात! या नात्याचा चिकित्सेशी काही संबंध नाही, हे वेगळे सांगायला नकोच. पण आजकाल अशा योगायोगावरही कोणी जाहिरात करील म्हणून सांगून ठेवतो.

आता मूळ प्रश्न. दोष म्हणजे ह्यूमर का नव्हे?

ग्रीकांचे द्रव चार, आपले दोष तीन, हा भेद वरवरचा आहे. रक्ताला ते ह्यूमर मानतात, आपण धातू मानतो. तरीही सुश्रुताने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात तीन दोषांच्या जोडीला रक्ताला चौथे स्थान दिले आहे, हे विसरून चालणार नाही. काळ्या पित्ताला आपल्याकडे जोड नाही. खरा भेद वाताच्या ठिकाणी आहे. रूक्ष, लघु, सूक्ष्म, चल अशा गुणांनीच ज्याची ओळख होते, ज्याला स्वतःचे रूप नाही, कर्मावरूनच ज्याचे अनुमान करावे लागते, त्याला ‘द्रव’ म्हणणे हे मुळातच विसंगत आहे. सुश्रुताने त्याच अध्यायात तिन्ही दोषांची व्युत्पत्ती तीन क्रियापदांच्या धातूंपासून दिली आहे: गती दाखविणारा ‘वा’, ताप दाखविणारा ‘तप’ आणि आलिंगन, म्हणजे चिकटणे, दाखविणारा ‘श्लिष्’. तिन्ही ठिकाणी अर्थ आहे तो क्रियेचा, पदार्थाचा नंतर. पित्ताला आणि श्लेष्म्याला द्रवरूप आहे हे खरे, परंतु त्यांची नावे त्यांच्या कर्मावरून पडली आहेत. उलट ग्रीकांची नावे रंगावरून आणि दृश्य द्रवावरून पडली आहेत.

शिवाय दोष हे केवळ दूषित करणारे नव्हेत. तेच सम असता शरीराचे धारण करतात म्हणून धातू आणि शरीराला मलिन करतात म्हणून मल, अशी तिहेरी संज्ञा शास्त्राने त्यांना दिली आहे. ‘ह्यूमर’ या शब्दात ही अवस्थाभेदाची कल्पना सामावत नाही.

ग्रीक वैद्यकात वाताच्या जवळपास जाणारे काही नव्हतेच, असेही नाही. त्यांच्याकडे ‘न्यूमा’ हा शब्द होता. न्यूमा म्हणजे श्वास, प्राण. मेंदूतून नाड्यांवाटे संचार करून संवेदना व चेष्टा घडविणारे न्यूमा गॅलेनने वर्णिले आहे. लॅटिनमध्ये त्याचे ‘स्पिरिट’ झाले, कारण लॅटिन ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे. प्राण आणि व्यान यांची कर्मे शिकलेल्या वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. हिपोक्रॅटिसच्या ग्रंथसमूहात सर्व रोगांचे मूळ वायूत पाहणारा एक स्वतंत्र प्रबंधसुद्धा आहे. तथापि आपल्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर सुरू झाले, तेव्हा वात-पित्त-कफ या त्रयीला ह्यूमरच्या साच्यात बसविण्यात आले, कारण भाषांतर करणाऱ्यांच्या हाताशी तोच साचा तयार होता. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही ‘दोष’ या शब्दाखाली शरीरातील ह्यूमरचा उल्लेख सापडतो. कोश खोटा नाही. त्या काळच्या इंग्रजी वाचकाला दुसऱ्या कोणत्या शब्दाने काही बोध झाला नसता. पण त्या वाचकाचा काळ कधीच सरला आणि शब्द मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला.

‘वात’चे ‘विंड’ हे भाषांतर तर अधिकच गमतीचे आहे. येथे शब्द खरोखर सख्खे आहेत. संस्कृत ‘वात’, लॅटिन ‘व्हेंटस’ आणि इंग्रजी ‘विंड’ हे एकाच मूळ धातूची अपत्ये आहेत, याविषयी भाषाशास्त्रात दुमत नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाला ‘तुमचा विंड बिघडला आहे’ असे सांगितले, तर त्याला पोटातील वायू सरत नाही एवढेच कळते. पक्षाघाताच्या रुग्णाला हे सांगून पाहा! शब्दांचे रक्ताचे नाते अर्थाच्या नात्याची हमी देत नाही.

आणि जेथे रक्ताचे नातेसुद्धा नाही, केवळ उच्चार सारखा आहे, तेथे काय होते, याचे उदाहरण माझ्याच चिकित्सालयातले आहे. पन्नाशीचे एक शिक्षक कोरड्या खोकल्यासाठी आले. कानावर पडलेल्या ‘ड्राय कफ’ या निदानातील ‘कफ’ म्हणजे आपल्या आयुर्वेदातला कफ, असे त्यांनी गृहीत धरले होते. मग कफाचे पथ्य म्हणून त्यांनी तूप, दूध, तेल सर्व वर्ज्य केले आणि सुंठ, मिरी, पिंपळी यांचे चूर्ण मधातून तीन आठवडे नेमाने घेतले. माझ्याकडे आले तेव्हा आवाज बसलेला, बरगड्या दुखत असलेल्या, रात्रीची झोप गेलेली. खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यामुळे प्रथम थुंकीची तपासणी आणि छातीचे क्ष-किरण चित्र करून घेतले; दोन्ही निर्दोष निघाली. लक्षणे सरळसरळ वातज कासाची होती. चूर्ण थांबवले, तूप आणि दूध पुन्हा सुरू केले, ज्येष्ठमध दिला, छातीला तिळतेल चोळून शेक घ्यायला सांगितले. आठ-दहा दिवसांत त्यांना चांगला उतार पडला.

इंग्रजी ‘कफ’ हा खोकण्याच्या आवाजाच्या अनुकरणातून बनलेला शब्द आहे, आपल्या ‘खोकला’ या शब्दासारखाच. संस्कृत ‘कफ’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण औषधाच्या दुकानातील ‘कफ सिरप’ने मराठी मनात या दोघांचे लग्न लावून दिले आहे. ‘ड्राय कफ’ म्हणजे शुष्क श्लेष्मा! चरकाने चिकित्सास्थानात पाच प्रकारचे कास सांगितले आहेत आणि त्यांतील एकच कफज आहे. बाकी चौघांना या एका शब्दसाम्याने कफाच्या दावणीला बांधले जाते. त्या शिक्षकांनी केले ते त्यांच्या समजुतीप्रमाणे तर्कशुद्धच होते. चुकला होता तो शब्द.

इंग्रजी ‘फ्लेम’, म्हणजे श्लेष्मल द्रव, या शब्दाचे मूळ त्याहून विस्मयकारक आहे. तो ज्या ग्रीक क्रियापदापासून निघाला, त्याचा अर्थ ‘जळणे’ असा आहे. आरंभी दाहाच्या संदर्भात वापरला गेलेला हा शब्द पुढे शीत आणि आर्द्र द्रवाचे नाव बनला. नाव अग्नीचे आणि द्रव्य थंडगार, अशी ही जोडी आहे. म्हणून शब्दाची व्युत्पत्ती सापडली की अर्थ सापडला, असे मानण्याची घाई करू नये, हे मी स्वतःलाही बजावत असतो.

आता प्रकृतीकडे वळू. ‘टेम्परामेंट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे. चार द्रवांचे ज्या मनुष्यात जसे मिश्रण, तसा त्याचा स्वभाव. ‘टेम्परेचर’ हा शब्दही मिश्रणाचाच. मिश्रणाला ग्रीकमध्ये ‘क्रासिस’ म्हणतात. ज्याचे त्याचे स्वतःचे मिश्रण म्हणजे ‘इडिओसिंक्रसी’, आणि बिघडलेले मिश्रण म्हणजे ‘डिस्क्रेशिया’. रक्तविकारांसाठी ‘ब्लड डिस्क्रेशिया’ हा प्रयोग आधुनिक वैद्यक अजूनही करते, म्हणजे गॅलेन पूर्णपणे गेलेला नाही. ‘कॉम्प्लेक्शन’ म्हणजे मुळात गुंफण, द्रवगुणांची वीण. ती त्वचेच्या वर्णावरून ओळखतात म्हणून पुढे वर्णालाच ‘कॉम्प्लेक्शन’ म्हणू लागले. गोरेपणाच्या मलमांच्या वेष्टनावर तो शब्द वाचताना आपण एक प्राचीन प्रकृतिपरीक्षण वाचत असतो.

हीच कल्पना दुसऱ्या वाटेने थेट मराठीत येऊन पोहोचली आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने गॅलेनचे ग्रंथ सीरियाक आणि अरबी भाषांत आणले. ग्रीक ‘क्रासिस’साठी अरबीत शब्द आला ‘मिजाज’, अर्थ तोच, मिश्रण. युनानी हकिमांबरोबर आणि फारसीबरोबर तो हिंदुस्थानात आला. मराठीने त्याची ‘मिजास’ केली आणि त्याला ऐट, तोरा असा अर्थ दिला. इंग्रजीत द्रवाचा विनोद झाला, मराठीत मिश्रणाचा तोरा झाला. ‘काय मिजास आहे याची’ असे आपण म्हणतो, तेव्हा गॅलेनच्याच सिद्धान्ताचे एक पणतवंड आपल्या तोंडून बोलत असते.

‘तब्येत’ या शब्दाची कथा मला याहूनही महत्त्वाची वाटते. ग्रीक ‘फिसिस’ म्हणजे निसर्ग, वस्तूचा स्वाभाविक धर्म. ‘फिजिक्स’ आणि ‘फिजिशियन’ हे त्याचेच वंशज. भौतिकी जाणणारा आणि रोग जाणणारा हे दोघे एकाच दारातून आत आले. (‘फिसिस’ ज्या धातूपासून झाला, त्याचा संस्कृतातील भाऊ म्हणजे ‘भू’. तेव्हा फिजिशियन आणि महाभूत यांतही गोत्र एकच.) अरबी भाषांतरकारांनी ‘फिसिस’साठी जो शब्द योजला, त्याच शब्दकुळातून फारसीमार्गे आपली ‘तब्येत’ आली. मुळात अर्थ ‘निसर्ग, स्वभाव’. दुसरीकडे आपला संस्कृत ‘प्रकृती’ हाही शब्द निसर्गवाचकच. आज मराठी मनुष्य ‘तब्येत कशी आहे’ आणि ‘प्रकृती कशी आहे’ हे दोन प्रश्न एकाच अर्थाने विचारतो, आणि तो अर्थ असतो ‘आरोग्य कसे आहे’. दोन भिन्न परंपरांतून आलेल्या शब्दांना मराठीने एकाच जागी आणून बसविले. पण त्यामुळेच आपण रुग्णाला ‘तुमची प्रकृती वातप्रधान आहे’ असे सांगतो, तेव्हा त्याला ‘तुम्हाला वाताचा आजार आहे’ असे ऐकू येते. गर्भावस्थेपासून सोबत असलेला देहस्वभाव आणि आज झालेली विकृती यांतील भेद, जो आपल्या निदानाचा पाया आहे, तो त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. येथे लॅटिन ‘नॅचुरा’ उपयोगी पडतो. त्याच्या मुळाशी जन्माची कल्पना आहे. इंग्रजीत प्रकृती समजावताना ‘जन्मजात घडण’ असा विस्तार केला तर ‘टेम्परामेंट’पेक्षा अधिक कळते, असा माझा अनुभव आहे.

महाभूतांचे भाषांतर ‘एलिमेंट’ असे केल्याने होणारा घोटाळा सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. ग्रीकांची चार तत्त्वेही पृथ्वी, जल, तेज, वायू हीच होती आणि त्यांना ‘एलिमेंट’ म्हणत, तोवर भाषांतर खपून गेले. १७८९ मध्ये लाव्हाझिएने रसायनशास्त्राच्या आपल्या ग्रंथात ज्यांचे अधिक विघटन करता येत नाही अशा ३३ द्रव्यांची यादी दिली आणि शब्दाचा ताबा रसायनशास्त्राने घेतला. आता ‘फाइव्ह एलिमेंट्स’ म्हटले की शाळकरी मुलगाही पाणी हे संयुग असल्याचे आपल्याला ऐकवतो. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध या इंद्रियार्थांशी महाभूतांची सांगड आहे, हे सांगायला तेथे जागाच राहत नाही.

‘डाएट’ हा शब्द मात्र मला आपल्या बाजूचा वाटतो. ग्रीक ‘डायटा’ म्हणजे जगण्याची रीत. त्यात अन्न होते, तसेच व्यायाम, निद्रा, स्नान हेही होते. अर्थात आपले आहार-विहार. कालांतराने तो आक्रसून ताटापुरता उरला. आपल्या ‘पथ्य’ या शब्दाचेही तेच झाले. ‘पथ’ म्हणजे मार्ग. शरीराच्या मार्गांना जे बाधक नाही आणि मनाला जे प्रिय आहे ते पथ्य. आज ‘पथ्य काय’ असे विचारणाऱ्या रुग्णाला ‘काय खायचे नाही’ एवढेच हवे असते.

मग करावे काय? माझ्यापुरते मी असे ठरवले आहे, की इंग्रजीत लिहिताना दोष, धातू, मल, अग्नी, ओज हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि पहिल्या उल्लेखात त्यांचे कर्म एका वाक्यात सांगावे. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या रोगसंज्ञांचा विभाग नवी दिल्लीत प्रकाशित झाला. आपली निदाने जगाच्या नोंदवहीत जाऊ लागली, तर शब्दांच्या नेमकेपणाला आता चर्चासत्रातील हशापुरते महत्त्व राहणार नाही. दोषाच्या संज्ञेखाली रुग्णाची नोंद करणाऱ्या वैद्याला त्या संज्ञेने काय अभिप्रेत आहे, हे परक्या देशातील वाचकालाही कळावे लागेल.

मराठी रुग्णाशी बोलताना अडचण वेगळी आहे. तेथे शब्द आपलेच असतात, पण त्यांचे अर्थ घसरलेले असतात. ‘पित्त झाले’ म्हणजे कोणाला आंबट ढेकर, कोणाला अंगावर उठलेल्या गांधी, कोणाला अर्धे डोके दुखणे. ‘वात आला’ म्हणजे कोणाला पोटरीत आलेला गोळा, कोणाला संधिशूल, तर कोणाला ज्वरातील बडबड. ‘दोष’ म्हणताच काहींना ग्रहदोष आठवतो. मी आता केसपेपरवर रुग्णाचे शब्द आधी त्याच्याच भाषेत लिहितो आणि शास्त्रीय संज्ञा त्याखाली, वेगळ्या ओळीत. खोकल्याच्या रुग्णापुढे तर ‘कफ’ हा शब्द मी प्रयत्नपूर्वक टाळतो. बेडका पडतो का, एवढेच विचारतो.

ही यादी माझ्या तालुक्यापुरती आहे. कोकणात, वऱ्हाडात, मराठवाड्यात वात, पित्त, कफ या शब्दांनी रुग्ण आणखी काय काय सांगतात, ते त्या त्या भागातील वैद्यांनी संपादकांकडे लिहून पाठवावे. पुरेशी सामग्री जमली तर पुढील एखाद्या अंकात ती एकत्र देता येईल.